एव्हरेस्ट बेस कॅम्प: नांदेड-लातूरहून निघताना खरी अडचण पायांची नाही, सुट्टीची

नांदेड शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटर उंचीवर आहे. लातूर बालाघाटच्या पठारावर असल्याने थोडे वर, सहाशे मीटरच्या आसपास. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. आणि एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाणारी वाट जिथून सुरू होते ते नेपाळमधले लुक्ला गाव आहे २,८६० मीटरवर. म्हणजे लुक्लाच्या धावपट्टीवर पहिले पाऊल टाकतानाच माणूस महाराष्ट्रातल्या कुठल्याही टोकापेक्षा बाराशे मीटर वर पोहोचलेला असतो. बेस कॅम्प तिथून आणखी अडीच हजार मीटर वर, ५,३६४ मीटरवर.

दिवाळीची सुट्टी आणि या ट्रेकचा मोसम नेमका जुळतो. एप्रिल-मेमध्ये दुसरा मोसम असतो, तेव्हा शाळा-कॉलेजच्या परीक्षा संपलेल्या असतात. त्यामुळे 'बारा दिवसांत एव्हरेस्ट बेस कॅम्प' अशा जाहिराती आता मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरतात. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतले कर्मचारी, पन्नाशी ओलांडलेले मॉर्निंग वॉकवाले असे सगळ्या थरांतले लोक त्या वाचतात. दोर, कुऱ्हाड, ऑक्सिजनचे सिलिंडर यातले काहीच लागत नाही, फक्त चालायचे आहे, असे त्यात लिहिलेले असते. ते खरेही आहे. पण चालणे सोपे म्हणून जाणे सोपे, हे खरे नाही.

बेस कॅम्प म्हणजे शिखर नव्हे

आधी हा घोळ मिटवायला हवा. 'एव्हरेस्टला जाऊन आलो' असे सांगणारे बहुतेक जण बेस कॅम्पला गेलेले असतात. ८,८४८.८६ मीटरचे शिखर गाठणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी साधारण दोन महिने, लाखो रुपये, हिमालयातल्या संस्थांचे प्रशिक्षण आणि अनेक वर्षांची तयारी लागते. तरीही त्या डोंगराने आजवर ३००हून अधिक जीव घेतले आहेत.

मराठवाड्याला शिखराची गोष्टही अनोळखी नाही. पोलीस दलातले रफिक शेख यांच्या २०१४ आणि २०१५ अशा दोन मोहिमा डोंगराने अर्ध्यावरच सोडायला लावल्या. पहिल्या वर्षी खुंबू हिमप्रपातात हिमस्खलन झाले, दुसऱ्या वर्षी भूकंप. मे २०१६मध्ये तिसऱ्या प्रयत्नात ते माथ्यावर पोहोचले. प्रा. मनीषा वाघमारे २०१७मध्ये शिखर आवाक्यात आलेले असताना हवामान बिघडल्याने परत फिरल्या आणि मे २०१८मध्ये पुन्हा जाऊन शिखर सर केले. नांदेडच्या धर्माबाद, बिलोली या तालुक्यांना लागून असलेल्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा तर २५ मे २०१४ रोजी तिबेटच्या बाजूने माथ्यावर गेली, तेव्हा ती चौदा वर्षांचीही झाली नव्हती. तिने पहिले धडे हिमालयात नव्हे, भोंगीरच्या खडकावर गिरवले. सपाट मुलखातला माणूस उंचावर जाऊ शकत नाही, हा समज या तिघांनी केव्हाच मोडला आहे.

या तिघांच्या गोष्टींतला एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. त्यातल्या दोघांना परत फिरावे लागले होते आणि ते फिरले. बेस कॅम्पला जाणाऱ्याने त्यांच्याकडून उचलण्यासारखे काही असेल तर ते हेच.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचा माथा दिसत नाही. पश्चिमेकडचा खांदा आणि नुप्त्से मध्ये येतात. समोर दिसतो तो खुंबूचा हिमप्रपात, म्हणजे तुटत-घसरत खाली येणारी बर्फाची नदी. माथा पाहायचा तर गोरक्षेपजवळच्या काला पत्थर या साडेपाच हजार मीटरहून उंच टेकाडावर पहाटे चढावे लागते. 'एव्हरेस्ट' या नावाशी आपल्या मुलखाचाही धागा आहे. ज्या जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाने हे शिखर ओळखले जाते, त्याने १८२०च्या दशकात भारताच्या महासर्वेक्षणाची रेषा बिदर परिसरातून उत्तरेकडे मोजत नेली होती. ती नांदेड-लातूरच्या शेजारूनच गेली. शिखर त्याने स्वतः कधी पाहिल्याची नोंद नाही.

'हेमकुंडला काही झाले नाही, मग इथे काय होणार?'

नांदेडकरांना उंचीची ओळख बऱ्याचदा यात्रेतून होते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८मध्ये नांदेडला देह ठेवला आणि पूर्वजन्मी त्यांनी हेमकुंडला तप केले अशी श्रद्धा आहे. त्यामुळे तख्त सचखंड हुजूर साहिबच्या गावातून उत्तराखंडातल्या हेमकुंड साहिबला जाणारे कमी नाहीत. हेमकुंड सुमारे १५ हजार फुटांच्या घरात आहे. अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर. नांदेड-लातूरहून दरवर्षी अमरनाथला जथे जातात आणि सुखरूप परत येतात.

म्हणून मग बेस कॅम्पचा विषय निघाला की वरचा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर झोपण्याच्या जागेत आहे. हेमकुंडला रात्री मुक्काम करता येत नाही. सकाळी सुमारे तीन हजार मीटरवरच्या घांघरियाहून निघायचे, दर्शन घ्यायचे आणि दुपारपर्यंत खाली उतरायचे. शरीर काही तासच उंचावर राहते, रात्र खाली काढते. बेस कॅम्पच्या वाटेवर मात्र एकामागून एक सात-आठ रात्री ३,४०० ते ५,१४० मीटरच्या दरम्यान काढाव्या लागतात. उंचीचा त्रास बहुतेक वेळा दिवसा चालताना होत नाही, तो रात्री मुक्कामी गाठतो.

दुसरा फरक कागदाचा. अमरनाथला जायचे तर डॉक्टरांचे आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे असते, वयाची अट असते. बेस कॅम्पच्या ट्रेकला, जो उंचीने त्याहून दीड हजार मीटर वर जातो, असे काहीही मागितले जात नाही. परवान्याचे पैसे भरले की वाट मोकळी. तपासणी करून घ्यायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि बहुतेक जण ठरवतच नाहीत.

उंचावर नेमके काय होते?

'वर ऑक्सिजन कमी असतो' हे वाक्य अर्धेच बरोबर आहे. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण नांदेडच्या वजिराबादेत जेवढे, तेवढेच बेस कॅम्पवर, म्हणजे सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात फुप्फुसात जाणारा ऑक्सिजनही निम्म्याच्या आसपास येतो.

शरीर यावर उपाय शोधते. श्वास जलद आणि खोल होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातले रासायनिक संतुलन सावरू लागतात आणि म्हणून लघवी वारंवार होते. काही दिवसांत तांबड्या पेशी वाढू लागतात. रात्री झोपेत श्वास काही सेकंद थांबल्यासारखा होतो आणि मग दचकून जोरात सुरू होतो. शेजारी झोपलेला घाबरतो, पण या उंचीवर तो प्रकार नेहमीचा आहे. या सगळ्याला वेळ लागतो. लातूर पॅटर्नने जागून घोकंपट्टी केली तरी शरीराला ही उंची एका रात्रीत पाठ होत नाही.

वेळ दिला नाही तर डोके दुखते, भूक मरते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. हा उंचीचा सौम्य त्रास. इथे थांबले आणि आणखी वर गेले नाही तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. तसेच वर गेले तर दोन गंभीर अवस्था संभवतात. एकीत फुप्फुसात पाणी साचते: बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला येतो, पुढे गुलाबीसर फेस. दुसरीत मेंदूला सूज येते: माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, तोल जातो. ओळखायची साधी पद्धत म्हणजे त्याला टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगायचे. दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असो की बर्फ पडत असो, सोबत देऊन त्याला खाली न्यायचे. ऑक्सिजन, औषधे, दाबाची पिशवी हे सगळे खाली नेईपर्यंतचे आधार आहेत.

१९७६मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याच वाटेवरच्या फेरिचे गावातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या २७८ ट्रेकर्सपैकी ५३ टक्क्यांना उंचीचा त्रास झाला होता. थेट विमानाने आलेले, भराभर चढलेले आणि वाटेत कमी रात्री काढलेले यांच्यात तो जास्त होता. आणि तरुणांमध्ये जास्त होता. जिममध्ये घाम गाळणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे. दमसास चांगला असला म्हणून उंची सोडत नाही. उलट तो असल्यामुळे माणूस वेगाने चढतो आणि अडकतो.

सुट्टीचे गणित

आता मूळ दुखण्याकडे. लुक्लाहून निघाल्यावर नेहमीचे मुक्काम असे असतात: फाकडिंग (२,६१० मीटर), मग नामचे बाजार (३,४४०) इथे दोन रात्री, तेंगबोचे (३,८६०), दिंगबोचे (४,४१०) इथे पुन्हा दोन रात्री, लोबुचे (४,९१०) आणि गोरक्षेप (५,१४०). तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम वाढवायचा, हा जगभर मानला जाणारा नियम. नामचे आणि दिंगबोचेच्या दोन-दोन रात्री त्यासाठीच आहेत. त्या दिवशी खोलीत लोळायचे नसते. शे-दोनशे मीटर वर चढून पुन्हा खाली झोपायला यायचे असते.

म्हणजे चढायला आठ दिवस, उतरायला तीन. जाहिरातीतले 'बारा दिवस' काठमांडूपासून मोजलेले असतात. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली गाठायलाच एक दिवसाहून अधिक जातो. हैदराबादहून विमान धरायचे तरी आधीची रात्र प्रवासात जाते, लातूरकरांचेही तेच. गर्दीच्या मोसमात लुक्लाची विमाने काठमांडूऐवजी चार-पाच तासांच्या रस्त्यावर असलेल्या रामेछापहून सुटतात. लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब, तीही उताराची आणि एका टोकाला डोंगर. ढग उतरले की विमाने दोन-दोन दिवस बंद. हे सगळे धरले तर घरातून निघून घरी यायला सतरा-अठरा दिवस लागतात.

सुट्टी मात्र बारा-तेरा दिवसांचीच मिळते. मग कात्री कुठे लागते? रेल्वे कमी होत नाही, विमान कमी होत नाही. कमी होतात नामचे आणि दिंगबोचेच्या त्या 'रिकाम्या' रात्री. 'नामचेला सगळे ठणठणीत आहेत, मग एक दिवस कशाला वाया घालवायचा' असे ठरते आणि दिंगबोचेला निम्मा ग्रुप डोके धरून बसतो. सतरा दिवस मिळत नसतील तर या ट्रेकचे नाव न काढलेलेच बरे. तेवढ्या दिवसांत ४,१३० मीटरवरचा अन्नपूर्णा बेस कॅम्प होतो. तिथल्या मुक्कामांची उंची कमी आणि पोखऱ्यापर्यंत रस्ता आहे. गंमत अशी की अन्नपूर्णा हे शिखर गिर्यारोहकांच्या लेखी एव्हरेस्टहून कितीतरी घातक, पण त्याच्या दक्षिण पायथ्याचा ट्रेक सोपा मानला जातो. अर्थात सोपा म्हणजे बिनधोक नव्हे. जानेवारी २०२०मध्ये याच वाटेवर देउरालीजवळ हिमस्खलन होऊन चार कोरियन पर्यटक आणि तीन नेपाळी सहायक गाडले गेले.

ग्रुपने गेले म्हणजे सुरक्षित?

घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'ग्रुप आहे ना?' ग्रुप असला की ते निश्चिंत होतात. नेपाळमध्ये १९८०-९०च्या दशकांत ट्रेकर्सच्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा उंचीच्या त्रासाने दगावलेल्यांपैकी बहुसंख्य जण संघटित ग्रुपमधले निघाले, एकेकटे फिरणारे नव्हे. कारण समजायला अवघड नाही. ग्रुपचे वेळापत्रक ठरलेले असते. पंधरा जणांना आपल्यामुळे थांबावे लागेल या संकोचाने माणूस डोकेदुखी लपवतो, गोळी घेतो आणि चालत राहतो. त्यात सगळे एकाच गावचे, एकाच कॉलनीतले असले तर संकोच आणखी वाढतो. 'नांदेडहून एवढ्या लांब आलो आणि दोन दिवस राहिले असताना परत फिरू?' हा विचार बर्फापेक्षा घातक आहे.

म्हणून ग्रुप ठरवताना गाइड किती अनुभवी आहे याच्या आधी किती गाइड आहेत हे विचारावे. एकाला त्रास झाला तर त्याच्याबरोबर खाली कोण जाणार आणि उरलेल्यांबरोबर वर कोण जाणार, याचे उत्तर आयोजकाकडे नसेल तर पैसे भरू नयेत.

तब्येत: कोणी आधी डॉक्टर गाठावा

कोरोनात घराघरात आलेला ऑक्सिमीटर इथेही सोबत न्यायला हरकत नाही, पण त्याचे वाचन कसे घ्यायचे हे कळले पाहिजे. नांदेडच्या दवाखान्यात ८० आकडा दिसला तर धावपळ सुरू होईल. गोरक्षेपला धडधाकट माणसाचाही आकडा त्याच्या आसपास असू शकतो. आकड्यापेक्षा लक्षणे महत्त्वाची. सोबतच्यांपेक्षा एकाचाच आकडा फार खाली आणि त्याला त्रासही होत असेल, तर मात्र धोका.

मधुमेह आणि रक्तदाब असलेले अनेक जण हा ट्रेक करून येतात, पण नियंत्रण चांगले हवे. इन्शुलिन गोठले की निकामी होते, त्यामुळे ते अंगाशी ठेवावे लागते. थंडीत साखर मोजण्याची यंत्रेही चुकीचे आकडे दाखवतात. हृदयविकार, दमा, गरोदरपण असेल तर निर्णय तज्ज्ञाचाच. हिमोग्लोबिन आधी तपासावे. कमी असेल तर ते भरून काढायला दोन-तीन महिने हातात हवेत.

नांदेडसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. किनवट-माहूर पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. ज्यांना हा आजार आहे त्यांच्यासाठी एवढी उंची धोक्याचीच. पण ज्यांना आजार नाही, फक्त वाहक आहेत आणि गावी कधीच काही त्रास झालेला नाही, त्यांनाही उंचावर क्वचित प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून पोटात डाव्या बाजूला तीव्र दुखू शकते. या भागातल्या तरुणांनी जाण्याआधी ही एक रक्तचाचणी करून घ्यावी. ट्रेकच्या तयारीच्या याद्यांमध्ये ती सहसा नसते.

उंचीच्या त्रासावर प्रतिबंध म्हणून ॲसिटाझोलामाइड ही गोळी वापरतात, बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ती मेडिकलमधून परस्पर घेऊ नये. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही, शिवाय हाता-पायांना मुंग्या येतात, ते आधीच माहीत असलेले बरे. गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, मुक्कामाची रात्र वाचवत नाही. झोपेची गोळी आणि दारू चढताना वर्ज्य.

सपाटीवर सराव कसा?

सह्याद्रीची मुख्य रांग नांदेड-लातूरहून रात्रभराच्या प्रवासावर. दर रविवारी हरिश्चंद्रगडावर जाणे पुण्या-नाशिककरांना जमते, इथे नाही. पण सरावासाठी गडच हवा असेही नाही. नांदेडजवळ वडेपुरीची रत्नेश्वरीची टेकडी आहे, माहूरला रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूया अशा तीन चढांचा एक दिवस होतो. लातूरकरांना उदगीरजवळचे हत्तीबेट आहे, अंबाजोगाईचा डोंगराळ परिसर आहे. आणि काहीच नसेल तर चार मजली इमारतीचा जिना आहे. आठ-दहा किलोची पिशवी पाठीवर घेऊन तासभर चढउतार केली की पायांना जे कळायचे ते कळते. उतरण्याचा सराव विसरू नये. गुडघे चढताना कुरकुरतात, उतरताना दगा देतात.

एप्रिल-मेच्या मोसमाला जाणाऱ्यांचा सराव फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात येतो. पहाटेच उरकावा. चाळीस अंशांत चालण्याची सवय वर काही कामाची नाही. गोरक्षेपला रात्री पारा शून्याच्या बराच खाली असतो आणि खोलीत शेगडी नसते. ती फक्त जेवणाच्या दालनात, तीही संध्याकाळी.

वाटेवर लाकडी लॉज आहेत, जेवायला डाळ-भात मिळतो आणि तो पुन्हा वाढतात. मांस टाळावे. या खोऱ्यात प्राणी कापत नाहीत, मांस खालून अनेक दिवस पाठीवर वाहून आणलेले असते. वर गेल्यावर भूक मरते तेव्हा मराठवाड्याच्या पिशवीतली शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि लाडू जीव वाचवतात. पाणी दिवसाला तीन-चार लिटर.

किल्लारीच्या मुलखातून भूकंपाच्या मुलखात

लातूरला भूकंप म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसे गेली. त्या धक्क्याने पुमोरी आणि लिंगत्रेन यांच्यामधल्या कड्यावरून बर्फ आणि दगड सुटले आणि त्यांच्यापुढे आलेल्या हवेच्या झोताने बेस कॅम्पवरचे तंबू उडवले. किमान १८ जण तिथे मरण पावले. लांगटांग खोऱ्यातले अख्खे गाव गाडले गेले. आधीच्याच वर्षी, १८ एप्रिल २०१४ रोजी, खुंबू हिमप्रपातात १६ नेपाळी कामगारांचा जीव गेला होता. ते इतरांसाठी वाट बांधत होते, सामान वाहत होते.

यातले काहीही आधी सांगता येत नाही. करता येते ते एवढेच: बेस कॅम्पवर गेलेल्या ट्रेकरने फोटो काढून परत फिरावे, हिमप्रपाताच्या तोंडाशी घुटमळू नये. झोपायला गोरक्षेपलाच यावे. आणि सामान वाहणाऱ्या माणसाचा विमा आयोजकाने काढला आहे का, त्याच्याकडे गरम कपडे आहेत का, हे निघण्याआधी विचारावे. तो डोंगरातला आहे म्हणून त्याला उंची लागत नाही, हा गैरसमज आहे. अनेक पोर्टर खालच्या सपाट जिल्ह्यांतून आलेले असतात.

कागद आणि विमा

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्यावे. १५ ते ६५ वयातल्यांना आधार कार्डावर भरवसा ठेवून विमानतळावर जाणे महागात पडू शकते. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेश शुल्क सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी लोकांच्या निम्मे आहे: ३,००० ऐवजी १,५०० नेपाळी रुपये. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला. खुंबू ग्रामपालिकेचा परवाना वेगळा.

घरचा मेडिक्लेम बहुधा देशाबाहेर चालत नाही. प्रवास विमा घेताना त्यात किती मीटरपर्यंतचा ट्रेक आहे ते बारीक अक्षरांत पाहावे. अनेक पॉलिसी चार हजार मीटरवरच थांबतात. सहा हजारांपर्यंतची आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च देणारी हवी. हेलिकॉप्टरचा बाजारही समजून घ्यावा. २०१८मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत असे उघड झाले की किरकोळ डोकेदुखीच्या ट्रेकर्सनाही हेलिकॉप्टरमध्ये बसवून विमा कंपन्यांकडून फुगवलेली बिले उकळली जात होती. खरोखर गरज असेल तर एक मिनिटही दवडू नये. नसेल तर दोन तास चालत खाली उतरल्यावर बरे वाटते का, ते आधी पाहावे.

फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना १९७३पासून चालतो. मोसमात तिथले डॉक्टर रोज दुपारी उंचीच्या त्रासावर ट्रेकर्सशी बोलतात. दिंगबोचेहून तो फार लांब नाही, दुसऱ्या मुक्कामाच्या दिवशी जाऊन येता येते. त्या दिवशी डोके दुखत असेल तर तिथेच सांगावे, लोबुचेला पोहोचून नव्हे.

परतीचे रेल्वे आणि विमानाचे तिकीट काढताना लुक्लातून निघण्याच्या दिवसापुढे किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत. ढग असले तर ते दोन्ही दिवस लुक्लाच्या लॉजमध्ये पत्ते खेळण्यात जातील. नसले तर काठमांडू पाहून होईल.